ड्रायव्हरांची यंत्रनिरपेक्षता : नेटबीएसडी कार्यप्रणालीतील एका विभागणीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

युनिक्स ही कार्यप्रणाली १९७३ मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि १९७७ मध्ये ती आपल्या मूळच्या पीडीपी यंत्रपरिवाराबाहेर पडली. ऑस्ट्रेलियातील वलंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी ती इंटरडेटा ७/३२ ह्या यंत्रावर नेली. त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन व डेनिस रिची यांनी ती इंटरडेटा ८/३२ वर नेण्याचे कार्य हाती घेतले. ह्या दोन घटनांपासून कार्यप्रणालीच्या यंत्रनिरपेक्षतेचे सारे श्रेय उच्चस्तरीय भाषेला देण्याचा प्रघात पडला. केन टॉम्प्सन यांनी १९७८ मध्ये केलेल्या वर्णनानुसार युनिक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलात, सी भाषेतील सुमारे १०,००० ओळी व असेंब्ली भाषेतील सुमारे १,००० ओळी होत्या. दहा हिस्से उचलून न्यावयाचे आणि एक हिस्सा नव्याने लिहावयाचा, असा सोपा हिशेब त्यावरून मांडता येतो.

हा हिशेब मात्र पुरता खरा नाही. कर्नेलाचा एक मोठा भाग ड्रायव्हरांचा असतो. चकती, मुद्रक, जाळ्याचे कार्ड अशा प्रत्येक उपकरणाशी बोलणारी जी स्वतंत्र आज्ञावली, तिलाच ड्रायव्हर म्हणतात. हे ड्रायव्हर सी भाषेत लिहिलेले असूनही एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात नसत. पीडीपी-११ वर उपकरणांची रजिस्टरे स्मृतीतील पत्त्यांप्रमाणेच भासत. त्यामुळे ठरावीक पत्त्यावर एखादी संख्या लिहिली की उपकरणाला आज्ञा पोहोचे, आणि सी भाषेत हे सहज लिहिता येई. इंटेलच्या प्रोसेसरांत त्याच कामासाठी स्मृतीहून वेगळा असा पोर्टांचा प्रदेश व त्याकरिता स्वतंत्र यंत्राज्ञा आहेत. सी भाषेच्या व्याकरणात त्यांना स्थानच नाही. तात्पर्य, भाषा एक झाली तरी उपकरणाला हाक मारण्याची रीत प्रत्येक यंत्राची वेगळी राहिली.

एकच ड्रायव्हर भिन्न जातींच्या प्रोसेसरांवर चालावा ह्यासाठी भाषेपलीकडे आणखी काय लागले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधण्यास नेटबीएसडी ह्या कार्यप्रणालीचा १९९३ ते १९९८ हा कालखंड विशेष उपयुक्त ठरतो.

२. एक चिप, अनेक संसार

प्रश्नाचे गांभीर्य एका उदाहरणाने ध्यानी येईल. एएमडी कंपनीची एएम७९९० ही इथरनेट जाळ्याची चिप ‘लान्स’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. सन कंपनीची स्पार्क यंत्रे, डिजिटल कंपनीची डेकस्टेशने, ह्यूलेट-पॅकार्डची ३०० मालिका, अमिगा संगणकाचे ए२०६५ हे कार्ड आणि साध्या पीसीची काही कार्डे, ह्या सर्वांत हीच चिप वापरली गेली. चिपचे वर्तन सर्वत्र तेच होते. एका रजिस्टरात क्रमांक लिहावा आणि दुसऱ्यातून त्या क्रमांकाच्या नोंदीचे वाचन करावे. पाठवावयाच्या व आलेल्या संदेशांसाठी स्मृतीत वर्तुळाकार याद्या ठेवाव्यात. काम झाले की चिपने प्रोसेसरला इशारा द्यावा.

भिन्न होती ती चिपच्या भोवतालची व्यवस्था. अमिगाच्या कार्डावर ३२ किलोबाइटांची स्वतंत्र स्मृती होती आणि चिप व प्रोसेसर हे दोघे तीच वापरीत. सनच्या स्पार्क यंत्रांत चिप मुख्य स्मृतीतच लिहीत असे. परंतु तिने उच्चारलेला पत्ता मधल्या मध्ये रूपांतरित होऊन मग स्मृतीपर्यंत पोहोचे. डेकस्टेशनांची तऱ्हा सर्वांत निराळी होती. त्यांच्यापैकी काहींत प्रोसेसरच्या दृष्टीने पाहता चिपची स्मृती सलग नसे. दोन बाइट मजकूर व त्यापुढे दोन बाइट रिकामी जागा अशी ती दिसे. इतर काहींत हेच प्रमाण सोळा बाइट मजकूर व सोळा बाइट रिकामी जागा असे होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील गटाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४.४बीएसडी ह्या आवृत्तीत ह्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. एचपी ३००, डेकस्टेशन आणि स्पार्क ह्या तिन्ही यंत्रांच्या शाखांत लान्सचा ड्रायव्हर वेगवेगळा ठेवलेला होता. तिन्ही सी भाषेत होते आणि तिन्हींत चिपविषयीचे ज्ञान बहुतांशी तेच होते. त्यामुळे एका शाखेत चिपचा एखादा दोष हुडकून त्यावर उपाय केला, तरी उरलेल्या दोन शाखांत तो दोष तसाच राहण्याचा संभव होता. एकदा मिळविलेले ज्ञान त्या त्या यंत्राच्या चौकटीत अडकून पडे, आणि नव्या यंत्रासाठी तेच ज्ञान पुन्हा मिळवावे लागे.

३. नेटबीएसडीचा आरंभ

नेटबीएसडी प्रकल्पाचा आरंभ १९९३ च्या मार्च महिन्यात झाला. ख्रिस डेमेट्रिऊ, थिओ डी राट, ॲडम ग्लास व चार्ल्स हॅनम हे त्याचे संस्थापक. बर्कलेची परंपरा व पीसीसाठी तयार झालेली ३८६बीएसडी ही कार्यप्रणाली, ह्या दोहोंवर त्यांनी आपले काम उभारले. पहिली आवृत्ती ०.८ ही १९९३ च्या एप्रिलमध्ये निघाली. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये आवृत्ती १.० निघाली तोवर इंटेल, मोटोरोलाचा ६८००० परिवार आणि स्पार्क अशा एकमेकांशी नाते नसलेल्या प्रोसेसरांवर ही कार्यप्रणाली चालू लागली होती. १९९५ च्या अखेरीस निघालेल्या १.१ ह्या आवृत्तीत डिजिटलच्या अल्फा प्रोसेसरची भर पडली. हे काम मुख्यत्वे डेमेट्रिऊ यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात केले होते.

येथे एक साधा गुणाकार लक्षात घेणे अवश्य आहे. दहा प्रकारची यंत्रे आणि वीस प्रकारची उपकरणे असतील, आणि प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहावयाचा असेल, तर दोनशे ड्रायव्हर लागतात. यंत्राची रीत एकदा व उपकरणाची रीत एकदा लिहून त्यांची सांगड घालता आली, तर तीस मजकुरांत काम भागते. मोठ्या कंपनीला पहिला मार्ग परवडू शकतो, कारण तिला आपली मोजकीच यंत्रे सांभाळावयाची असतात. स्वेच्छेने काम करणाऱ्या आणि यंत्रांची संख्या सतत वाढविणाऱ्या मंडळींना तो मार्ग बंद होता. दुसरा मार्ग चोखाळला नसता तर जुनी यंत्रे एकामागून एक सोडून द्यावी लागली असती.

ह्या निकडीतून ड्रायव्हराचे दोन भाग पडले. पहिला भाग चिपच्या वर्तनाचा. तो यंत्रांच्या शाखांतून काढून सर्वांसाठी सामायिक अशा ठिकाणी ठेवण्यात आला. दुसरा भाग जोडणीचा. चिप कोणत्या बसवर आहे, तिची रजिस्टरे कोठे सापडतात आणि इशारा कोणत्या वाटेने येतो, एवढेच तो सांगतो. लान्सच्या बाबतीत सामायिक भागाने रजिस्टर वाचणे, रजिस्टरात लिहिणे, आणि स्मृतीत मजकूर नेणे व तेथून आणणे ही कामे स्वतः न करता जोडणीच्या भागावर सोपविली. डेकस्टेशनांतील दोन व सोळा बाइटांच्या रिकाम्या जागांसाठीही नकलेच्या निराळ्या रीती पुरविण्यात आल्या. चिपच्या मूळ ड्रायव्हराला त्या जागांचा पत्ताही लागू नये, अशी ही योजना होती.

४. हाक मारण्याची सामान्य रीत

प्रत्येक चिपसाठी अशी स्वतंत्र तडजोड करीत बसणे हा कायमचा उपाय नव्हता. इंटेलने १९९२ मध्ये पुढे आणलेली पीसीआय ही बस लवकरच पीसीपुरती मर्यादित राहिली नाही. अल्फा, पॉवरपीसी आणि स्पार्क यंत्रांतही ती आली. तेव्हा एकच कार्ड अगदी भिन्न प्रोसेसरांच्या यंत्रांत खोचता येऊ लागले, आणि कार्ड तेच असता ड्रायव्हर मात्र चालू नये ही विसंगती अधिकच बोचू लागली.

अल्फा प्रोसेसरमुळे तर जुन्या समजुतींचा पायाच ढासळला. आरंभीच्या अल्फात एकेक बाइट स्मृतीतून वाचण्याची किंवा तेथे लिहिण्याची यंत्राज्ञाच नव्हती. म्हणून एखाद्या कार्डाचे एक बाइटाचे रजिस्टर वाचावयाचे असल्यास त्याचा पत्ता विशिष्ट प्रकारे ताणून, किती बाइट हवेत ते त्या पत्त्यातच सांकेतिक रीतीने गुंफावे लागे. शिवाय लिहिण्याच्या आज्ञा ज्या क्रमाने दिल्या त्याच क्रमाने त्या उपकरणापर्यंत पोहोचतील, ह्याची हमी हा प्रोसेसर देत नसे. क्रम राखण्यासाठी मध्ये वेगळी आज्ञा द्यावी लागे. इंटेलवर वाढलेल्या ड्रायव्हरांत ह्यांपैकी कशाचीच दखल नव्हती.

ह्यावर योजलेल्या उपायाला ‘बस-स्पेस’ असे नाव आहे. डेमेट्रिऊ, जेसन थॉर्प व हॅनम हे त्याचे प्रमुख कर्ते. ड्रायव्हराला एक टॅग व एक हँडल मिळते. टॅग कोणता प्रदेश ते सांगतो आणि हँडल त्या प्रदेशातील जागा दाखविते. ‘ह्या जागेपासून अमुक अंतरावरचे एक, दोन किंवा चार बाइटांचे रजिस्टर वाच’ एवढेच ड्रायव्हर म्हणतो. इंटेलवर त्याची पोर्टाची यंत्राज्ञा होते, अल्फावर ताणलेल्या पत्त्याचे वाचन होते, मोटोरोलावर साधे स्मृतिवाचन होते. क्रम राखावयाचा असेल तेथे ड्रायव्हराने ‘येथे अडसर घाल’ असे स्पष्ट म्हणावयाचे असते.

ह्या योजनेच्या दोन पायऱ्या अभ्यासनीय आहेत. १९९६ मधील १.२ ह्या आवृत्तीत पोर्टांसाठी एक व स्मृतीसाठी एक अशा क्रियांच्या दोन निराळ्या मालिका होत्या. म्हणजे रीत सामान्य केली तरी तिच्यात इंटेलच्या यंत्रातील भेद तसाच टिकून राहिला होता, आणि तो भेद ज्या यंत्रांत नाही त्यांच्या ड्रायव्हरांनाही तो पाळावा लागे. पुढील १.३ ह्या आवृत्तीच्या घडणीत दोन्ही मालिका एक करण्यात आल्या. प्रदेश कोणत्या जातीचा हे आता क्रियेच्या नावावरून नव्हे, तर टॅगावरून ठरू लागले. जी पीसीआय कार्डे आपली रजिस्टरे पोर्टांतून आणि स्मृतीतून अशी दोन्ही वाटांनी दाखवितात, त्यांच्यासाठी एकच मजकूर पुरेसा झाला. एका यंत्राचे व्याकरण सर्व यंत्रांचे व्याकरण म्हणून वावरत होते, ते ह्या दुसऱ्या पायरीवर दूर झाले.

बाइटांच्या क्रमाचा प्रश्नही येथेच उद्भवतो. पीसीआय बसवर संख्येचा लहान मूल्याचा बाइट आधी येतो, तर स्पार्कमध्ये परंपरेने मोठ्या मूल्याचा आधी येतो. रजिस्टरातील संख्या वाचताना ही अदलाबदल करावीच लागते. परंतु चकतीवरून येणारा मजकूर त्याच मार्गाने दोन-दोन बाइटांनी वाचला जात असेल, तर तेथे अदलाबदल केल्यास मजकूर बिघडतो. संख्या म्हणून वाचणे आणि नुसती बाइटांची रांग म्हणून वाचणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. इंटेलवर त्यांचे फळ एकच असल्याने त्या भिन्न आहेत हे तेथे कोणाच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते. बस-स्पेसमध्ये दुसऱ्या प्रकारासाठी क्रियांची वेगळी मालिका ठेवावी लागली.

५. पत्ता कोणाचा ?

उपकरणे नेहमी प्रोसेसरच्याच हातून मजकूर घेतात असे नाही. पुष्कळशी स्वतः स्मृतीत लिहितात व तेथून वाचतात. ह्या रीतीला डीएमए म्हणतात. तीत पत्ता उच्चारते ते उपकरण, आणि उपकरणाला दिसणारा पत्ता प्रोसेसरला दिसणाऱ्या पत्त्याहून वेगळा असू शकतो. जुन्या आयएसए बसवर पत्ता २४ बिटांचाच असल्याने त्यापलीकडे, म्हणजे १६ मेगाबाइटांच्या पुढे, कार्डाची नजरच पोहोचत नाही. तेथील मजकूर आधी खालच्या भागात उतरवून घ्यावा लागतो. स्पार्क व अल्फाच्या अनेक यंत्रांत मधल्या एका कोष्टकाच्या आधारे उपकरणाचे पत्ते रूपांतरित होतात. त्यामुळे स्मृतीत विखुरलेली पाने उपकरणाला सलग दिसू शकतात.

ह्या साऱ्या भेदांवर एकच आवरण घालण्याचे काम जेसन थॉर्प यांनी नासाच्या एम्स संशोधन केंद्रात केले. त्यांची ‘बस-डीएमए’ ही रचना १९९८ च्या जानेवारीत निघालेल्या १.३ ह्या आवृत्तीत आली. ड्रायव्हराने आपल्या मजकुराची जागा सांगावी. उपकरणाने कोणते पत्ते उच्चारावेत ते यंत्राने ठरवून एका यादीच्या रूपाने परत द्यावे. मजकूर खाली उतरवावयाचा की कोष्टक भरावयाचे, ह्याची चौकशी ड्रायव्हराने करू नये, असा तिचा आशय आहे.

ह्या रचनेतील सर्वांत बोधप्रद अंग म्हणजे जुळवणीची क्रिया. प्रोसेसर आपल्याजवळच्या लहान व वेगवान कॅश-स्मृतीत मजकुराची प्रत ठेवतो. उपकरणाने मुख्य स्मृतीत नवा मजकूर लिहिला तरी काही यंत्रांत प्रोसेसर जुनी प्रतच वाचीत राहतो. म्हणून उपकरणाच्या प्रत्येक व्यवहारापूर्वी व व्यवहारानंतर ‘आता जुळवून घे’ असे ड्रायव्हराने म्हणावे, असा नियम करण्यात आला. डेकस्टेशनांच्या एमआयपीएस प्रोसेसरांवर हा नियम मोडल्यास मजकूर बिघडतो. पीसीवर मात्र ही जुळवणी यंत्र स्वतःच राखते. तेथे मजकूर खाली उतरविलेला नसेल तर ह्या आज्ञेला करण्याजोगे जवळजवळ काहीच उरत नाही.

सामान्य रीतीची खरी कसोटी येथे लागते. पीसीवर काम करणाऱ्या लेखकाने ही आज्ञा गाळली, तर त्याच्या यंत्रावर काहीही बिघडत नाही, आणि कितीही वेळा चाचणी घेतली तरी त्याची चूक त्याला दिसत नाही. ज्या बोलीत न आणि ण ह्यांचा उच्चार एकच होतो, त्या बोलीच्या भाषकाला लेखनातील हा भेद निव्वळ ओझे वाटतो. तो भेद लेखनात टिकतो तो इतर बोलींच्या वाचकांसाठी. जुळवणीची आज्ञाही अशीच आहे. ती लिहिणाऱ्याला तिचा लाभ नसतो. त्याने कधी न पाहिलेल्या यंत्राच्या वापरकर्त्याला तो असतो. तेव्हा यंत्रनिरपेक्ष ड्रायव्हर ही केवळ तांत्रिक युक्ती राहत नाही. सर्वांनी पाळावयाच्या एका शिस्तीचा तो भाग होतो, आणि तिचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही.

६. इतरत्र झालेला स्वीकार

फ्रीबीएसडीने अल्फा प्रोसेसरचा आधार देताना ह्या दोन्ही रचनांचा स्वीकार आपल्या पद्धतीने केला. १९९५ मध्ये नेटबीएसडीतून वेगळ्या झालेल्या ओपनबीएसडीतही त्या रूढ झाल्या.

लिनक्सची वाट काहीशी निराळी होती. लिनस तोरवाल्ड्स यांनी ती कार्यप्रणाली अल्फावर नेली आणि १९९५ मधील १.२ ह्या आवृत्तीत अल्फाचा समावेश झाला. तेथेही रजिस्टरे वाचण्यासाठी सामान्य नावे ठरली होती. परंतु उपकरणाचा पत्ता मिळविण्यासाठी स्मृतीच्या पत्त्याचे सरळ रूपांतर करणारी एक क्रिया बराच काळ वापरात राहिली. पत्ते मधल्या कोष्टकातून जात असतील तर असे सरळ रूपांतर करताच येत नाही, कारण आधी कोष्टकात जागा मागावी लागते आणि काम झाल्यावर ती परत करावी लागते. ही मागणी व परतफेड व्यक्त करणारी रचना २००१ मधील २.४ ह्या आवृत्तीत सर्वांसाठी आली. तिचे विवेचन लिहिणाऱ्यांपैकी डेव्हिड मिलर हे स्पार्कवरील लिनक्सचे प्रमुख कर्ते होते. जो भेद ज्या यंत्रात ठळक, त्या यंत्रावर काम करणाऱ्याकडूनच तो सामान्य रीतीत आला, हे येथेही दिसून येते.

चिप कोठे आहे ही माहिती ड्रायव्हराच्या मजकुरातून काढून जोडणीच्या मजकुरात ठेवली, तरी ती आज्ञावलीतच राहते. पुढची पायरी म्हणजे ती आज्ञावलीबाहेर, निव्वळ वर्णनाच्या रूपात ठेवणे. सनच्या यंत्रांत आरंभीचे नियंत्रण करणारी आज्ञावली उपकरणांचा एक वृक्षच कार्यप्रणालीच्या हाती देत असे. ह्या पद्धतीचे प्रमाणीकरण १९९४ मध्ये आयईईई १२७५ ह्या मानकाने झाले. एआरएम प्रोसेसरांच्या असंख्य लहान यंत्रांसाठी लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राचा वेगळा मजकूर साचू लागला, तेव्हा २०११ मध्ये तोरवाल्ड्स यांनी त्या पुनरावृत्तीविषयी तीव्र नापसंती जाहीरपणे व्यक्त केली. त्यानंतरच्या काळात तेथेही उपकरण-वृक्षाची पद्धत प्रस्थापित झाली. लान्सच्या ड्रायव्हराचे दोन भाग करताना जो विचार झाला, त्याचाच हा विस्तार म्हणता येईल.

७. उपसंहार

ह्या इतिहासावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, सी भाषेने यंत्रनिरपेक्षता शक्य केली, परंतु ती घडवून आणली नाही. ४.४बीएसडीतील लान्सचे तीन ड्रायव्हर हे त्याचे पुरेसे प्रमाण होय. उपकरण काय करते आणि ते कोठे बसविलेले आहे, ही दोन ज्ञाने एकाच मजकुरात मिसळलेली होती. ती वेगळी ओळखून प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिले गेले, तेव्हाच पहिले ज्ञान प्रवास करण्यास मोकळे झाले. दुसरी अशी की, कोणते भेद नावाजोगे आहेत हे एका यंत्राकडे पाहून कळत नाही. पोर्ट व स्मृती हा भेद आवश्यक वाटत होता, तो अनावश्यक ठरला. संख्या व बाइटांची रांग हा भेद दिसतच नव्हता, तो आवश्यक ठरला. हे दोन्ही निर्णय अनेक यंत्रे शेजारी ठेवून तुलना केल्यावरच घेता आले.

विभागणी किती शुद्ध झाली ह्याचा एक पुरावा नंतरच्या काळात मिळाला. आन्ती कान्ते यांनी फिनलंडमधील आल्तो विद्यापीठात २०१२ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात नेटबीएसडीच्या कर्नेलातील ड्रायव्हर कर्नेलाबाहेर, एका सामान्य आज्ञावलीप्रमाणे चालविता येतात हे दाखवून दिले. त्यासाठी ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले नाहीत. आपल्या भोवतालाविषयी जो मजकूर काही गृहीत धरीत नाही, त्याला तो भोवताल बदलल्याची बाधा होत नाही. १९९६ ते १९९८ ह्या काळात भिन्न प्रोसेसरांसाठी स्वीकारलेली शिस्त, ज्या स्थानाची तेव्हा कोणी कल्पना केली नव्हती तेथेही उपयोगी पडली.